अँटेनाचं तोंड

कोल्हापुरातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: मालावर चिकटवलेले टॅग (रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या ओळखचिठ्ठ्या) हातात धरून वाचायच्या रीडरसाठी अँटेना करतोय, प्रकल्पाच्या मराठी गोषवाऱ्याला ‘संक्षिप्त दुहेरी-पट्टी दिशादर्शक अँटेना’ हे नाव चालेल का?

आधी ‘डायरेक्शनल’साठी घेतलेला ‘दिशादर्शक’ काढा. दर्शक म्हणजे दाखवणारा. होकायंत्र दिशादर्शक, रस्त्यावरची पाटी दिशादर्शक. तुमचा अँटेना कुणाला दिशा दाखवत नाही. तो एका बाजूला लहरी जास्त जोरात सोडतो आणि त्याच बाजूचं जास्त चांगलं ऐकतो. शिवाय छपरावरच्या जुन्या टीव्ही अँटेनात, म्हणजे यागी-उदात, पुढच्या आडव्या काड्यांना ‘डायरेक्टर’ म्हणतात. नुसता घोळ होईल. ‘दिशिक’ व्याकरणाला धरून आहे, पण ऐकणाऱ्याला काही दिसत नाही.

बोलीत उत्तर कधीचंच आहे. टीव्हीला मुंग्या आल्या की खालून हाक यायची, ‘तोंड जरा जोतिबाकडं फिरव!’ घराला तोंड असतं, देवळाला असतं. अंबाबाई पश्चिमाभिमुख, म्हणून तर किरणोत्सवात मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत पोचतात. दत्त एकमुखीही असतो, रुद्राक्षही एकमुखी असतो. अँटेनाही ‘एकमुखी’ म्हणा. मागच्या बाजूनं थोड्या लहरी गळतातच, अशी हरकत कुणी घेईल. पण ज्याला मुख आहे त्याला पाठ असणारच, हे या शब्दातच आलं.

‘संक्षिप्त’ मजकूर असतो, वस्तू नव्हे. तुम्हाला हवा तो शब्द ‘आटोपशीर’. भारतात यूएचएफ (अतिउच्च कंप्रतेच्या) टॅगसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ वापरतात. तिथं तरंगलांबी सुमारे ३५ सेंमी, म्हणजे साधा अर्ध्या तरंगलांबीचा अँटेनाही १७ सेंमीच्या वर जातो. दुसरा पट्टा २.४५ गिगाहर्ट्झचा धरला, तर तिथं तोच सुमारे ६ सेंमीत भागतो. मोठ्याची काडी नागमोडी वळवून दोघांना मुठीतल्या यंत्रात बसवायचं, यालाच आपण आटोपणं म्हणतो.

पट्टी मोजायची किंवा जखमेवरची, कंप्रतांचा (फ्रीक्वेन्सींचा) ‘पट्टा’. आणि हातातल्या रीडरचं ‘हस्तवाचक’ तेवढं करू नका, लोक हात दाखवायला येतील.

तर, ‘हातातल्या टॅगवाचकासाठी दोन पट्ट्यांचा आटोपशीर एकमुखी अँटेना’.

अँटेनाला विश्वकोशात ‘आकाशक’ आहे, पण इथं मी अँटेनाच ठेवेन. तुमच्या यंत्राचं तोंड गोदामातल्या गुळाच्या रव्यांकडे असणार, आकाशाकडे नाही.