बाबांना ‘लिव्हिंग विल’ करायचंय, म्हणजे त्यांना जगायचं नाही का?

हा प्रश्न पुण्यातल्या ज्येष्ठांच्या मुलांकडून आता बऱ्याचदा येतो. लिव्हिंग विल म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. इथे सांगतोय ते कोथरूडचं एक कुटुंब आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. आई तीन वर्षांपूर्वी गेल्या, शेवटचे बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. मुलगा वडिलांसोबत राहतो, मुलगी परदेशात असते. वडिलांनी एका कागदावर चार ओळी लिहून मुलापुढे ठेवल्या आणि घरात बोलणंच बंद झालं.

जेवणाच्या टेबलावर वाद व्हायचा तो तत्त्वाचा. बाबा 1982 सालच्या विनोबांच्या प्रायोपवेशनाचा दाखला देत, तर मुलगा म्हणे, “हे सरळ इच्छामरण आहे आणि मला ते मान्य नाही.” दोघांचंही गाडं इथेच अडलं होतं. विनोबांनी पवनारला अन्न आणि औषध स्वतःहून सोडलं होतं. बाबांच्या कागदाचा त्याच्याशी संबंध नाही. मरण यावं म्हणून इंजेक्शन देणं आपल्या कायद्यात आजही गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्यता दिली ती एवढ्याच गोष्टीला: आजार बरा होण्याची आशा उरली नाही आणि माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही, तर नुसता जीव लांबवणारे उपचार नकोत असं तो आधी लिहून ठेवू शकतो. वेदनाशामक औषधं, स्वच्छता, शुश्रूषा हे सगळं चालूच राहतं.

तरी मुलाची शंका उडवून लावण्यासारखी नव्हती. म्हाताऱ्या माणसाने असा विषय काढला की त्यामागे नैराश्य नाही ना, हे आधी पाहायलाच हवं. मुलगा नसताना मी बाबांशी बोललो. झोप, भूक, आवडीच्या गोष्टींतलं लक्ष याबद्दल विचारलं. ज्येष्ठांसाठीची पंधरा प्रश्नांची नैराश्य-चाचणी घेतली. तिच्यात पाचापेक्षा जास्त गुण आले तर कागद बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. बाबांचे दोन आले. श्रवणयंत्र नुकतंच नीट करून घेतलं होतं आणि दिवाळीत मुलीकडे जायची तयारी चालली होती. हा जगण्याला कंटाळलेला माणूस नव्हे. “मी तुमच्यावर ओझं झालोय” हे वाक्य बोलण्यात पुन्हा पुन्हा आलं असतं, तर पुढे गेलोच नसतो.

खरी गाठ सुटली ती बाबा, मुलगा आणि मी असे तिघे एकत्र बसल्यावर. बाबा म्हणाले, “तुझ्या आईसारखं मला नको.” मुलगा ताडकन म्हणाला, “म्हणजे आईच्या वेळी मी चुकलो असंच म्हणायचंय ना तुम्हाला?” आईला व्हेंटिलेटर लावायच्या संमतीपत्रावर त्याची सही होती. तीन वर्षं तो ती सही उरावर घेऊन फिरत होता, आणि वडिलांच्या चार ओळी त्याला आरोपपत्रासारख्या वाटत होत्या. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अरे, मी तिथे असून सही तुला करायला लावली. ते पुन्हा होऊ नये म्हणून तर लिहितोय.” अशा बहुतेक घरांत विरोध असतो तो तत्त्वाला कमी आणि या न बोललेल्या सहीला जास्त. ती आधी उघड्यावर यावी लागते. नाहीतर कायद्याची कितीही माहिती द्या, कानावरून जाते.

त्यानंतर कागदाचं काम. बाबांनी लिहिलं होतं, “मला यातना नकोत, नळ्या नकोत.” आयसीयूतल्या डॉक्टरला याचा काही उपयोग नाही. न्यूमोनियासाठी चार दिवस लागणारी नळीही नळीच असते आणि त्यातून माणूस चालत घरी येतो. म्हणून आधी स्थिती लिहायची (बरा न होणारा शेवटच्या टप्प्यातला आजार, शुद्ध परत येण्याची आशा नाही) आणि मग एकेक उपचार: व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करणं, डायलिसिस, नाकातून अन्नाची नळी. घरच्या फॅमिली डॉक्टरांसोबत तासभर बसून हे करून घ्यावं. छाती दाबताना म्हाताऱ्या बरगड्या मोडतात हे बाबांना तिथे पहिल्यांदा कळलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने पद्धत सोपी झाली आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते शक्यतो घरचे नसावेत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. न्यायदंडाधिकाऱ्यांची सही आता लागत नाही. आपल्या वतीने बोलणारी एकापेक्षा जास्त माणसं नेमता येतात आणि ती नेमावीतच, कारण एकुलता नेमलेला माणूस नेमका विमानात असतो. प्रती त्या माणसांकडे, फॅमिली डॉक्टरांकडे आणि महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायच्या. कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रात्री तीन वाजता लॉकर उघडत नाही. मत बदललं तर तो लेखी रद्द करता येतो.

“उद्या कोणीही हा कागद दाखवून उपचार थांबवेल,” ही मुलाची उरलेली भीती. तसं होत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ निर्णय देतं. दुसऱ्या मंडळात तज्ज्ञांसोबत जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं असतं. नेमलेल्या नातेवाइकांची संमती घ्यावी लागते आणि अंमल करण्याआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. बाबा स्वतः बोलू शकत असतील, तर अर्थातच त्यांचाच शब्द चालतो.

नेमलेल्यांत पहिलं नाव मुलाचं आहे, दुसरं मुलीचं. अन्नाच्या नळीबाबत मुलाला अजून पटलेलं नाही. बापाला उपाशी ठेवल्यासारखं वाटतं, असं तो म्हणतो. त्या कलमात बाबांनी मजकूर बदलला: नळी पंधरा दिवस ठेवून बघावी, डॉक्टरांना सुधारणा दिसली नाही तर काढावी. एवढ्यावर मुलगा नाव द्यायला तयार झाला.