सोडतीने ठरणारे उपचार आणि आईची संमती

प्रश्न : माझ्या 58 वर्षांच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला आहे. एका क्लिनिकल ट्रायलमध्ये (उपचारांच्या चाचणीत) सहभागी व्हाल का, अशी रुग्णालयात विचारणा झाली. कोणते उपचार मिळणार हे संगणकाच्या सोडतीने ठरणार असल्याचे समजल्यापासून ती घाबरली आहे. तिच्या वतीने मी सही करावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही सही करू नये. आई शुद्धीवर आहे, तिला समजते आहे, तेव्हा संमती देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार तिचाच आहे. माहितीपत्रक मराठीत मागून घ्या, घरी आणा आणि तिच्याजवळ बसून सावकाश वाचून दाखवा.

सोडतीची भीती मला समजते, पण सोडत काढतात ती नवा उपचार खरोखरच सरस आहे का, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते म्हणून. निवड डॉक्टरांवर सोपवली, तर नकळत धडधाकट रुग्णांनाच नवा उपचार मिळण्याची शक्यता असते आणि मग तुलनाच फसते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील 11 केंद्रांत झालेल्या चाचणीत 1,600 महिला सहभागी झाल्या होत्या. सोडतीने निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती भूल देण्याच्या साध्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. उरलेल्यांवर नेहमीची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे उपचारांविना कोणीही राहिले नाही. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन मिळालेल्या गटात 90.1 टक्के, तर दुसऱ्या गटात 86.4 टक्के होते. प्रत्येक चाचणीचा निकाल असा सुखद लागत नाही, आणि आईला फायदा होईलच असे वचन कोणी देत असेल तर सावध व्हा.

चाचणीचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, म्हणजे देशातील चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारा. ही नोंदणी 2009पासून सक्तीची आहे आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. नवीन औषधाची चाचणी असेल, तर 2019च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद आहे. आई कोणत्याही टप्प्यावर, कारण न सांगता बाहेर पडू शकते आणि त्यामुळे तिच्या नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा : ‘आईने नकार दिला, तर तिच्यावर नेमके कोणते उपचार होतील?’ त्याचे स्पष्ट उत्तर मिळाल्याखेरीज तिने सही करू नये. सही केल्यास संमतीपत्राची प्रत मागून घ्या. त्या प्रतीवर संशोधक डॉक्टरांचा आणि रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या नीतिमत्ता समितीचा संपर्क क्रमांक आहे ना, हे तिथेच पाहून घ्या.