नानांना विचारा : दोन वेबर आणि एक शिंकणारं इंजिन

प्रश्न : नाना, नमस्कार. दोन वर्षं खपून लोटस सेव्हनच्या धाटणीची उघडी, दोन सीटची गाडी घरच्या शेडमध्ये बांधली. चौकट चौकोनी पाइपची, अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा, इंजिन-गिअरबॉक्स जुन्या जिप्सी किंगचं. मूळ कार्बोरेटरवर बरी चालत होती. मग इंग्लंडहून पुतण्याने वेबर ४० डीसीओई कार्बोरेटरची जुनी जोडी आणली, २ लिटरच्या फोर्ड पिंटो इंजिनावरून काढलेली. हौसेनं एक्झॉस्टही बदलला : अडीच इंची सरळ पाइप, सायलेन्सर नाही. आता आयडलिंगला ठीक, पण अडीच-तीन हजार आरपीएमला कार्बोरेटरमधून फटाफट शिंकते, पाय दाबला की मरते. शेजारी कावलेत. मेकॅनिक म्हणतो, मोठे जेट घाला. घालू का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : जेटला (पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याला) हात लावू नका. आधी कार्बोरेटरच्या पुढच्या तुताऱ्या (हवा आत घेणारी रुंद तोंडं) काढा. आतलं छोटं व्हेंचुरी (मध्ये निमुळती नळी) ओढून बाहेर घ्या, त्याच्या मागे अंगठीसारखं कडं दिसेल. तो चोक. (हवेचा गळा हो, सकाळी गाडी सुरू करायला ओढता तो चोक नव्हे.) त्यावर मिलिमीटरचा आकडा कोरलेला असतो. तुमच्यात ३४ नाहीतर ३६ निघणार, पैज पाव किलो कुंद्याची.

तो आकडा २ लिटरच्या इंजिनासाठी होता. तुमचं १२९८ सीसी. एवढ्या रुंद गळ्यातून तुमचं इंजिन हवा ओढतं ती रमतगमत जाते, आणि मेन जेटमधून पेट्रोल वर खेचायला जो झोत लागतो तो तयारच होत नाही. तुम्ही निपाणीचे, तंबाखूवर फवारणी केली असेल. पंपाला भलतं मोठं नोझल लावलं की धुकं न होता थेंब गळतात, तसंच हे. आयडलचा आणि त्यापुढच्या बारीक भोकांचा मार्ग वेगळा, म्हणून तिथवर गाडी गोड चालते. अडीच हजाराला काम मेन जेटकडे जातं आणि मेन जेट झोपलेला असतो. मिश्रण पातळ पडतं, ते सावकाश जळतं, व्हॉल्व उघडेपर्यंत जळतच राहतं, आणि मग कार्बोरेटरमधून शिंक. मोठा जेट घातला तर खालची शिंक तशीच राहील आणि वर गाडी काळा धूर ओकेल.

२८ किंवा ३० चे चार चोक मिळवा. मी ३० ने सुरुवात करेन. वेबरवाल्यांचा जुना हिशोब असा : चोक गुणिले चार म्हणजे मेन जेट, त्यात पन्नास मिळवले की एअर करेक्टर (त्या पेट्रोलात मिसळणारी हवा मापणारा जेट). तीस चोक म्हटल्यावर मेन १२०, एअर १७०. वेबरच्या जेटवरचा १२० म्हणजे १.२० मिलिमीटरचं भोक. पण हा हिशोब निव्वळ पेट्रोलच्या काळातला. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. त्याला त्याच हवेत सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. १२० वरून १२५ वर गेलात की भोकाचं क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढतं. म्हणून १२० आणि १२५ दोन्ही संच जवळ ठेवा, एकावर चालवून दुसऱ्यावर चालवून बघा. जुने रबरी होजही या इंधनाने फुगतात, तेही बदलाच.

मग दोन्ही कार्बोरेटर एका सुरात आणायचे. साधन म्हणजे हातभर रबरी नळी. एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने चारही तोंडांशी. चारही ठिकाणी सारखाच ‘स्स्स’ ऐकू आला पाहिजे. एक कार्बोरेटर जोरात आणि दुसरा दबकत बोलत असेल तर दोघांमधला जोडस्क्रू चिमूटभर फिरवा. बेळगावच्या उद्यमबागेत एका मित्राच्या शेडमध्ये हे करताना मला अर्धा दिवस लागला, कारण शेजारी लेथ चालू होता. रविवारी सकाळी करा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटतो तो) व्हॅक्यूम डबीची नळी आता कुठे आहे? मूळ कार्बोरेटरवर तिला जागा होती, अशा वेबरवर बहुधा नसते. नळी नुसती लोंबत असेल तर हलक्या पायावर ॲडव्हान्स (ठिणगी जरा आधी पडणं) मिळत नाही आणि गाडी आळसावते. ठिणगीचं टायमिंग नव्याने बघून घ्या. पेट्रोलचा दाबही मोजा. वेबरला तीन पौंडांच्या आसपास पुरतो, जास्त झाला की नीडल (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) दाब अडवू शकत नाही आणि तुतारीतून पेट्रोल ठिबकतं. तुमच्या गाडीत एक्झॉस्ट इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला आहे हे नशीब, तरी आग ती आगच.

आता तो पाइप. ‘मोठा पाइप, मोठी ताकद’ हे गॅरेजमधलं वाक्य मला चाळीस वर्षं छळतंय. एका सिलिंडरमधून निघालेला धूर नेटाने गेला तर मागच्याला ओढून घेतो. अडीच इंचात त्याचा नेटच मोडतो. चार पाइप दीड इंची घ्या, लांबी होईल तितकी सारखी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून १ ला ४ शी आणि २ ला ३ शी जोडा, मग त्या दोनांचा एक. शेवटचा पाइप पावणेदोन इंची. फ्लँज (पाइप इंजिनाला बसवायची पट्टी) दहा मिलिमीटर जाड पाट्याचा कापून घ्या, पातळ पाटा वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतो आणि गॅस्केट बसत नाही. सायलेन्सर जाळीच्या नळीभोवती काचलोकर भरलेला घेतलात की शेजारी पुन्हा तुमच्याशी बोलायला लागतील. पाइप दाराबाहेरून जात असेल तर वर जाळीचा आडोसा करा. अशा गाडीतून उतरताना भाजलेल्या पोटऱ्या मी पाहिल्यात.

ताकदीची आशा बेताने ठेवा. तुमचं ८ व्हॉल्वचं इंजिन कारखान्यातून ६० अश्वशक्तीचं. त्याच १२९८ सीसीला २००० साली १६ व्हॉल्व आणि इंजेक्शन मिळालं तेव्हा ते ८० झालं. दोन वेबर लावून तुम्ही तिथवर जाणार नाही. पायाखालचा चटपटीतपणा मात्र मिळेल, आणि गाडी हलकी आहे.

राग मानू नका, पण हेही सांगतो. इंग्लंडात सेव्हन १९५७ पासून सुट्या भागांत विकली जायची, कारण तशी घेतली की खरेदीकर वाचायचा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. दंड प्रत्येक बदलाला पाच हजार, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पाटी केए-२३ असो की एमएच-०९, तवंदी घाट चढायला ही गाडी काढू नका. शेतातली वाट आणि ट्रॅक, बस.

प्रश्न : जेट मिळत नाहीत. बारीक ड्रिलने भोक वाढवलं तर?
— खानापूर

उत्तर : मीही केलंय, एका फियाटवर. ड्रिल हातात थरथरलं, भोक लंबगोल झालं, वर आकडा जुनाच. पुढे तीन महिने मी त्या आकड्यावर विश्वास ठेवून हिशोब करत बसलो. केलंच तर आकडा खरवडून टाका.

प्रश्न : माझी जुनी जीप बेळगावात झकास चालते. चोर्ला उतरून पणजीला गेलं की ओढत नाही. गोव्याचं पेट्रोल खराब असतं का?
— टिळकवाडी

उत्तर : पेट्रोलला बोल लावू नका. बेळगाव साडेसातशे मीटरवर, पणजी समुद्राकाठी. खाली हवा सुमारे सात टक्के दाट, पण कार्बोरेटर त्या प्रमाणात पेट्रोल वाढवत नाही, त्यामुळे मिश्रण तीन-चार टक्के पातळ होतं. चांगल्या जुळवलेल्या गाडीला ते कळतही नाही. तुमच्या जीपला कळतं, म्हणजे ती इथेच काठावर चाललीय. मेन जेट एक पायरी वर घ्या, आणि त्याआधी फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या तरंगत्या डबीची) उंची बघा.