यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यातून आम्ही दोघे पहिल्यांदाच परदेशी, म्हणजे युरोपला जाणार आहोत. बारा रात्रींत कोणती शहरे घ्यावीत आणि तयारी कुठून सुरू करावी?

आपण लिहिले आहे की आपण दोघे पन्नाशीच्या आसपास आहात, घरी कोरडवाहू शेती आणि एक लहान दुकान आहे, आणि लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस व रोम अशी यादी मनात धरून सहल कंपनीबरोबर जावे की स्वतःच जावे, या विचारात आपण आहात. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात कापूस आणि तूर पिकवतो, आणि दोन वर्षांपूर्वी पत्नीसह ॲमस्टरडॅम, पॅरिस व रोम या तीनच शहरांची यात्रा स्वतः आखून करून आलो. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या यादीतील निम्मी नावे आजच खोडावीत आणि तयारीची सुरुवात नकाशापासून न करता घरातील कागदांपासून करावी.

सर्वात आधी लंडन खोडावे. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे त्याचा व्हिसा वेगळा, शुल्क वेगळे आणि कागदांचा गठ्ठाही वेगळा. याउलट एका शेंगेन व्हिसावर २९ देशांत फिरता येते आणि त्यात फ्रान्स, नेदरलँड्स, इटली तर आहेतच, शिवाय युरोपीय संघात नसलेले स्वित्झर्लंडही आहे. तरीही स्वित्झर्लंड आणि व्हेनिस पुढच्या खेपेला ठेवावे, कारण पहिल्या प्रवासात दर दोन दिवसांनी बॅग भरणे, स्थानक शोधणे आणि नव्या खोलीची किल्ली मिळवणे यातच माणूस थकतो. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यात, अंतर कितीही कमी असले तरी, दिवसाचा मोठा भाग निघून जातो. त्यामुळे किती दिवस हाती आहेत यापेक्षा एका ठिकाणी किती रात्री झोपणार आहोत, हे मोजावे. माझ्या मते ॲमस्टरडॅमला तीन, पॅरिसला पाच आणि रोमला चार रात्री द्याव्यात. विमानाचे तिकीट ॲमस्टरडॅमला उतरून रोमहून परतण्याचे घ्यावे, म्हणजे आल्या वाटेने माघारी यावे लागत नाही. नागपूर ते मुंबई किंवा दिल्ली हा टप्पाही त्याच तिकिटात बसवावा, कारण दोन वेगळी तिकिटे असली आणि देशातले विमान उशिरा पोहोचले, तर पुढचे विमान चुकल्याचे नुकसान आपल्यालाच सोसावे लागते.

पॅरिसला पाच रात्री देण्यामागे आणखी एक हिशेब आहे. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे व्हिसाचा अर्ज करायचा, आणि मुक्काम सारखाच असेल तर जिथून प्रथम प्रवेश होतो त्या देशाकडे, असा नियम आहे. पाच, चार आणि तीन अशी वाटणी केली की अर्ज फ्रान्सकडे जाणार हे निर्विवाद ठरते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयास साधारण पंधरा दिवस लागतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. प्रौढ व्यक्तीस शुल्क ९० युरो आहे, आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेला आणि दोन कोरी पाने असलेला हवा.

आता शेतकऱ्याची खरी अडचण सांगतो, कारण शहरातील लोकांनी लिहिलेल्या सल्ल्यांत ती सापडत नाही. आपले शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने अनेकांकडे आयकर विवरणपत्र नसते, सातबारा अजून वडिलांच्या किंवा भावांच्या सामाईक नावावर असतो, आणि बँकेत वर्षभर किरकोळ शिल्लक असून कापूस विकल्यावर एकदम रक्कम येते. माझा पहिला अर्ज एका दूतावासाने नाकारला, आणि चूक माझीच होती. खात्यात पैसे दिसावेत म्हणून मी साळ्याकडून तीन लाख रुपये उसने घेऊन अर्जाच्या दहा दिवस आधी भरले होते. ती रक्कम कुठून आली हे एकाही कागदावर नव्हते, आणि बँकेचा उतारा वाचणाऱ्या माणसाला ते न दिसण्याचे काही कारण नव्हते. दुसऱ्या वेळी मी उसनवारी केली नाही. बाजार समितीतील विक्रीच्या पावत्या, त्याच तारखांना खात्यात जमा झालेली रक्कम, सातबारा व आठ-अ यांचे इंग्रजी भाषांतर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि पेरणीपूर्वी मी परत का येणार आहे हे सांगणारे साधे एक पानी पत्र, एवढे जोडले आणि व्हिसा मिळाला. आपले दुकान असल्याने त्याचा परवाना आणि विवरणपत्र भरत असाल तर मागील वर्षांची विवरणपत्रे अवश्य लावा.

नावांचाही घोळ आधीच निस्तरावा. आधार, बँक आणि पासपोर्ट या तिन्हींत आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच हवे. विवाहाची नोंद ग्रामपंचायतीत झालेली नसेल तर ती करून प्रमाणपत्र काढून ठेवावे. बोटांच्या ठशांसाठी दोघांनाही व्हिसा केंद्रात स्वतः जावे लागते. रेशन दुकानात अंगठा न उमटण्याचा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. कापूस वेचून माझ्या पत्नीच्या बोटांच्या रेषा इतक्या पुसट झाल्या होत्या की यंत्राने तीनदा नकार दिला, म्हणून आधीचे पंधरा दिवस रात्री हातांना तेल चोळून जाणे बरे. एकदा दिलेले ठसे ५९ महिने ग्राह्य धरले जातात. आम्ही गेलो तेव्हा सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारत असत, मात्र १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी छायाचित्र व ठसे नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तेव्हा पहिल्या विमानतळावर वेळ लागेल असे धरून चालावे.

काळ कोणता, हे आपल्या शेतीनेच ठरवले आहे. पऱ्हाटी उपटून झाली, हरभरा घरात आला आणि मे महिन्याची वखरणी अजून दूर आहे, असा एप्रिलचा उत्तरार्ध मला सर्वांत योग्य वाटतो. कापसाचे पैसे तोवर खात्यात रीतसर जमा झालेले असतात. आपल्याकडे पारा त्रेचाळीसवर असताना तिथे सकाळी दहाच्याही खाली असतो, म्हणून गरम कपडे हवेतच. पॅरिसमध्ये त्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी खोलीवर तासभर पाठ टेकूनही संध्याकाळ पुरते. ॲमस्टरडॅमजवळची क्यूकेनहॉफची ट्यूलिप बाग मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच उघडी असते, तीही याच काळात साधते. थोडे विषयांतर करतो. तेथील स्किपोल विमानतळ १८५२ साली कोरड्या केलेल्या सरोवराच्या तळावर, समुद्रसपाटीच्या खाली उभा आहे. विहिरीला पाणी लागेना म्हणून चार ठिकाणी खोदणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला, नको असलेले पाणी उपसून वावरे तयार करणारे शेतकरी पाहताना काय वाटले असेल, ते आपल्याला सांगायला नको.

तिकिटांच्या बाबतीत मात्र वार पाहूनच आखणी करावी. पॅरिसचे लूव्हर संग्रहालय मंगळवारी आणि १ मे रोजी बंद असते. रोममधील व्हॅटिकनची, म्हणजे पोपच्या नगरीची संग्रहालये महिन्यातील शेवटचा रविवार सोडल्यास रविवारी बंद असतात. ॲमस्टरडॅममधील ॲन फ्रँकच्या घराची (नाझींपासून लपून राहिलेल्या, रोजनिशी लिहिणाऱ्या मुलीचे घर) तिकिटे फक्त ऑनलाइन मिळतात आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात, ती लवकर संपतात. रोमच्या कोलोसियम या प्राचीन क्रीडागाराच्या तिकिटावर नाव छापलेले असते, तेव्हा तिथे पासपोर्ट जवळ ठेवावा. ॲमस्टरडॅमहून पॅरिसला रेल्वेने सुमारे साडेतीन तासांत पोहोचता येते. पॅरिसहून रोमला विमानच सोयीचे, मात्र स्वस्त विमानांत सामानाचे वजन काटेकोर मोजतात.

खाण्याची काळजी करू नका, पण काय नेता येत नाही ते लक्षात ठेवा. बाहेरच्या देशांतून मांस आणि दूध यांचे पदार्थ नेण्यास युरोपीय संघात मनाई आहे, म्हणजे तूप, पेढे आणि खव्याची संत्रा बर्फी घरीच राहू द्या, आणि ताजी संत्रीही. जवसाची व शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचे पीठ आम्ही निर्धास्त नेले. स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास रोज एक वेळचे जेवण घरचे होते. पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकाजवळ ला शापेल भागात तमिळ लोकांची दुकाने आहेत, तिथे डाळ, तांदूळ आणि हिरवी मिरची मिळते. त्याच स्थानकात आणि मेट्रोत खिसेकापूही मिळतात, म्हणून सोने घरी ठेवावे आणि पाकीट आतल्या खिशात.

पैशांसाठी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड घ्यावे. जिल्हा सहकारी बँकेचे कार्ड तिथे चालेलच असे गृहीत धरू नये, आणि यंत्राने रुपये की युरो असे विचारल्यास युरोच निवडावा, कारण रुपयांचा भाव ते आपल्या सोयीने लावतात. भारतीय सिमवर रोमिंग सुरू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. आम्हा दोघांचा विमानभाड्यासह खर्च पावणेसहा लाख रुपये झाला.

सहल कंपनीविषयी माझे मत असे, की रोमन अक्षरे वाचता येत असतील आणि मोबाइलवरचा नकाशा समजत असेल तर तिची गरज नाही. कंपनी पहाटे सहाला बॅगा बाहेर ठेवायला सांगते, आणि पॅरिस बसच्या काचेतून जास्त दिसते. शिवाय परदेश सहलीच्या पॅकेजवर कर गोळा केला जातो, आणि तो परत मिळवायला किंवा वळता करायला विवरणपत्र भरावे लागते. कागदांची भीती वाटत असेल तर फक्त व्हिसाचे काम एखाद्या अनुभवी एजंटाला द्यावे आणि फिरणे स्वतःकडे ठेवावे. आणखी एक गोष्ट आजपासूनच करता येईल. तिथे रोज दहा किलोमीटर चालणे होते, म्हणून दोघांनीही बूट आताच घ्यावेत आणि वावरात जाता-येता तेच घालावेत. माझ्या पत्नीने नवे बूट थेट ॲमस्टरडॅममध्ये पायात घातले आणि तिसऱ्या दिवशी ती ते हातात घेऊन कालव्याकाठी बसली होती.