4 ऑगस्टला चर्चमध्ये फादरांना शुभेच्छा का देतात?

त्या दिवशी संत जॉन मेरी व्हियानींचा सण असतो. ते धर्मग्राम (एका चर्चखाली येणारा परिसर आणि तिथली माणसं) सांभाळणाऱ्या फादरांचे आश्रयदाते संत. जन्म 1786, फ्रान्समधला, शेतकऱ्याच्या घरी. लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना, म्हणून धर्मगुरू व्हायला खूप झगडावं लागलं. 1815 मध्ये एकदाची दीक्षा मिळाली. 1818 मध्ये आर्स नावाच्या जेमतेम दोन-अडीचशे वस्तीच्या खेड्यात पाठवलं, ते 4 ऑगस्ट 1859 ला मरेपर्यंत तिथेच राहिले.

मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते ऐकून घेण्याचं. लांबलांबून लोक पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करायला येत आणि ते दिवसाला सोळा-सोळा तास त्यासाठीच्या अरुंद खोक्यात बसून असत. जेवण काय, तर उकडलेले बटाटे, तेही बऱ्याचदा शिळे. थकून दूर मठात निघून जायचा प्रयत्नही त्यांनी केला, पण दरवेळी परत आले. 1925 मध्ये संतपद मिळालं.

आम्ही भुसावळचे. इथले चर्च नाशिक धर्मप्रांतात येतात. लहानपणी आमचे एक म्हातारे फादर होते. मे महिन्यातल्या त्या उन्हात, डोक्याला ओला रुमाल बांधून, सायकलवर रेल्वे क्वार्टर्समध्ये यायचे. आजी अंथरुणाला खिळलेली. फादर खाटेशेजारी जमिनीवरच बसायचे, तिचा हात हातात घ्यायचे आणि तीच ती गोष्ट दहाव्यांदाही तितक्याच मन लावून ऐकायचे. 4 ऑगस्टला आजी त्यांच्यासाठी आठवणीने कळण्याची भाकरी करायला लावायची.