वागानोव्हा: उशिरा मान मिळालेली नर्तिका आणि तिच्यातून घडलेली शिक्षिका

रशियन बॅले नर्तिका आणि शिक्षिका आग्रिपिना वागानोव्हा नर्तिका म्हणून दुय्यम ठरल्या आणि म्हणूनच शिकवण्याकडे वळल्या, असे आपल्या वाचनात आले. ते कितपत खरे आणि त्यांच्या पद्धतीत वेगळे असे काय आहे, हे आपण विचारले आहे. मी याच पद्धतीत शिकले आणि गेली बरीच वर्षे मुलींना शिकवते आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते. त्या विधानाचा पूर्वार्ध अर्धाच खरा आहे आणि उत्तरार्ध मला मुळीच पटत नाही.

वागानोव्हांचा जन्म १८७९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला. वडील मारिन्स्की थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करीत आणि घरची परिस्थिती बेताचीच होती. लहान वयातच त्या शाही बॅले शाळेत दाखल झाल्या आणि १८९७ मध्ये शिक्षण संपवून मारिन्स्कीच्या समूहनृत्यात उभ्या राहिल्या. झेप उत्तम होती, पायांत विलक्षण ताकद होती. पण नायिकेकडून तेव्हा अपेक्षित असलेला नाजूक बांधा नव्हता आणि हातांच्या हालचाली कठोर दिसत. त्या काळी तिथे ज्यांचा शब्द अखेरचा मानला जाई, त्या नृत्यदिग्दर्शक मारियस पेतिपा यांना तर त्यांचे नृत्य आवडत नसे. पेतिपांच्या रोजनिशीतच त्याची नोंद सापडते. परिणामी मोठ्या भूमिका फार उशिरा वाट्याला आल्या. मात्र ‘व्हेरिएशन’, म्हणजे एकटीने सादर करायचा छोटा पण तंत्राची कसोटी पाहणारा भाग, त्या अशा करीत की समीक्षक अकिम व्होलिन्स्की यांनी त्यांना ‘व्हेरिएशनची राणी’ म्हटले. बॅलेरिना हा सर्वोच्च दर्जा मिळाला तो १९१५ मध्ये, आणि १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्या निवृत्त झाल्या. दुय्यम नर्तिकेला ना तो दर्जा मिळतो, ना ‘स्वान लेक’ या बॅलेतील ओडेट-ओडिलची, म्हणजे नायिकेची दुहेरी भूमिका.

त्यांच्यातली शिक्षिका घडली ती याच रखडलेल्या वर्षांत, असे माझे ठाम मत आहे. जिला सारे सहज जमते, तिला ते का जमते हे शोधण्याची गरज पडत नाही. वागानोव्हांना प्रत्येक गोष्ट उलगडून पाहावी लागली. शाळेत मिळालेल्या फ्रेंच वळणाच्या शिक्षणात डौल होता, पण उंच झेप आणि वेगवान गिरक्या यांसाठी लागणारी ताकद त्यातून येईना. इटालियन नर्तिका पीटर्सबर्गला येऊन अवघड गिरक्या लीलया घेत होत्या. सहकारी ओल्गा प्रेओब्राजेन्स्काया यांची प्रगती पाहून त्यामागे इटालियन गुरू एन्रिको चेकेत्ती यांची तालीम आहे, हे वागानोव्हांच्या ध्यानात आले. इटालियन तंत्रातला तोल आणि बळ त्यांनी उचलले, त्यातला टोकदारपणा मात्र सोडून दिला.

१९१७ च्या रशियन क्रांतीनंतर निवृत्तिवेतन उरले नाही, पतीचे निधन झाले आणि घर चालवण्यासाठी त्यांना मिळेल तिथे नृत्य करावे लागले. शिकवण्याची सुरुवात या ओढाताणीत झाली, हे खरे. पण गरजेपोटी सुरू केलेले काम आणि अपयशामुळे पत्करलेले काम यांत फरक करायला हवा. आधी व्होलिन्स्कींच्या शाळेत आणि १९२१ पासून आपल्याच जुन्या शाळेत त्या शिकवू लागल्या. बॅले ही दरबाराची करमणूक आहे, नव्या राज्यात तिचे काय काम, असे उघडपणे विचारले जाण्याचा तो काळ होता. १९३१ ते १९३७ या काळात त्या थिएटरच्या बॅलेच्या कलादिग्दर्शकही होत्या, परंतु त्यांचे खरे काम वर्गातच झाले.

आता पद्धतीविषयी. तिचा गाभा पाठीत आहे. हात, डोके, खांदे आणि पाय यांनी एकाच वेळी, एकाच हालचालीचे भाग म्हणून काम करायचे, आणि हे साधते ते कण्याच्या आधारावर. गिरकीचेच पाहा. मुलगी चौथ्या पोझिशनमध्ये (एक पाय दुसऱ्याच्या पुढे ठेवून) प्ली घेऊन, म्हणजे गुडघे वाकवून, उभी असते आणि घाईने खांदा आधीच वळवते. गिरकी एक होते, दुसरीत ती कलंडते. नवखा शिक्षक तिच्या पायाकडे पाहतो. या पद्धतीत पाहायचे ते हाताकडे: पुढचा हात गिरकीच्या दिशेने उघडून आवेग देतो, दुसरा त्याला येऊन मिळतो, आणि तोवर पाठ जागची हलत नाही. झेपेतही हात शोभेपुरते नसतात, ते शरीर वर उचलायला मदत करतात. ज्यांच्या स्वतःच्या हातांवर टीका झाली, त्यांनीच हातांना एवढे काम दिले, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे कारण विचारणे. हालचाल का बिघडली, हे विद्यार्थिनीला स्वतः सांगता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकात हेच शिक्षण सोप्याकडून अवघडाकडे, पायरीपायरीने मांडलेले आहे. म्हणून घाईने मुलींना पॉइंट शूजवर, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर, उभे करणारे वर्ग या नावाने चाललेले दिसले की मला मनापासून वाईट वाटते.

या पद्धतीतून सगळ्या नर्तिका एकाच साच्यातून निघतात, हा आक्षेपही आपण ऐकाल. त्यांच्या वर्गातून १९२५ मध्ये मरीना सेम्योनोव्हा बाहेर पडल्या, त्यांचे नृत्य भव्य आणि राजस. १९२८ मध्ये गालिना उलानोव्हा, अत्यंत मृदू आणि अंतर्मुख. १९३१ मध्ये नताल्या दुदिन्स्काया, वेग आणि गिरक्यांत निष्णात. तिघींना एकाच नजरेतून पाहिले असते, तर हे घडले नसते. (प्रसिद्ध नर्तक रुडॉल्फ नुरेयेव यांना पुष्कळदा वागानोव्हांचे शिष्य म्हटले जाते, ते चूक आहे. ते या शाळेत १९५५ मध्ये आले, आणि अलेक्झांडर पुश्किन यांच्याकडे शिकले.)

वागानोव्हांचे निधन नोव्हेंबर १९५१ मध्ये झाले. इरिना कोल्पाकोव्हा त्यांच्या अखेरच्या वर्गातल्या, त्याच वर्षी शिक्षण पूर्ण केलेल्या. पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन बॅले थिएटरमध्ये नर्तिकांना तयार केले. शाळेला वागानोव्हांचे नाव १९५७ मध्ये देण्यात आले, आणि तिथे दुदिन्स्काया यांनी अनेक वर्षे शिकवले. १९९१ मध्ये बाहेर पडलेल्या उल्याना लोपात्किना या त्यांच्याच विद्यार्थिनी. लोपात्किना यांच्या नृत्याची ध्वनिचित्रमुद्रणे सहज मिळतात; ती पाहताना आधी पायांकडे न पाहता पाठीकडे आणि हातांकडे पाहावे, एवढे सुचवते.