रविवारचं डी व्हिटॅमिनचं पाकीट आणि सततची सर्दी

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, पावसाळा लागला की दर पंधरा दिवसांनी सर्दी-खोकला ठरलेलाच. गेल्या वर्षी रक्ततपासणीत माझं डी व्हिटॅमिन ११ (नॅनोग्रॅम) आलं, आमच्या डॉक्टरांनी ६० हजार युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा असं ८ आठवडे दिलं आणि अंगदुखी खूपच कमी झाली. तेव्हापासून घरातली मोठी माणसं दर रविवारी पाकीट घेतोच, इम्युनिटी वाढते म्हणून. सासऱ्यांनाही ७-८ महिने देतेय (वय ७२, दोनदा मुतखडा झालाय). याने खरंच आजार लांब राहतात का? मुलालाही चालू करू का? आई म्हणते सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसव, तेवढं पुरे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांचं पाकीट आजच थांबवा, बाकीचं नंतर वाचा. डी व्हिटॅमिन आतड्यातून कॅल्शियम शोषायला मदत करतं आणि जास्तीचं झालं तर ते सी व्हिटॅमिनसारखं लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठून राहतं. आठवड्याला ६० हजार म्हणजे रोजचे साडेआठ हजार युनिट झाले, आणि आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मोठ्या माणसाला रोज ६०० सांगितलेत. असं महिनोन् महिने चाललं तर रक्तात कॅल्शियम वाढू शकतं, मग खूप तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, सुस्ती, आणि ज्याला आधीच खडे झालेत त्याच्या किडनीला तर हे अजिबात परवडणारं नाही. कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) आणि डी, तिन्ही याच आठवड्यात तपासून डॉक्टरांना दाखवा. घरातल्या बाकीच्यांनीही विचारल्याशिवाय पुढचं पाकीट फोडू नका, तुमचा ८ आठवड्यांचा कोर्स कधीच संपलाय.

आता इम्युनिटीचं. ही निव्वळ अफवा नाहीये बरं का. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये डी व्हिटॅमिनला पकडणारे रिसेप्टर असतात, आणि जंतू गिळणाऱ्या पेशी त्याच्या मदतीने कॅथेलिसिडिन नावाचं जंतू मारणारं प्रथिन बनवतात, टीबीच्या जंतूवर हे २००६ साली प्रयोगशाळेत दिसलं तेव्हा सगळ्यांच्या आशा वाढल्या होत्या. पण प्रयोगशाळेत जमलं म्हणजे माणसात जमेलच असं नसतं.

मंगोलियाचंच बघा. तिथली थंडी भयंकर, मुलांमध्ये डी फारच कमी. एका हिवाळ्यात तिथल्या शाळकरी मुलांना दुधातून रोज फक्त ३०० युनिट दिले तर सर्दी-खोकल्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. नंतर त्याच देशात जवळजवळ ९ हजार मुलांवर मोठा अभ्यास झाला, आठवड्याला १४ हजार युनिट, ३ वर्षं, आणि टीबीचा संसर्ग मात्र काहीच कमी झाला नाही. २०१७ मध्ये २५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा श्वसनाचे आजार थोडे कमी दिसले, फायदा जास्त कोणाला तर ज्यांचं रक्तातलं डी १० नॅनोग्रॅमच्याही खाली होतं त्यांना, आणि तोही रोज किंवा दर आठवड्याला थोडं थोडं घेणाऱ्यांना, एकदम मोठा डोस ढोसणाऱ्यांना नाही. पुढे अभ्यास वाढत गेले तसा हा फायदा आकसतच गेला. कोविडच्या काळात ब्रिटन आणि नॉर्वेत हजारो लोकांना डी किंवा कॉड लिव्हर ऑइल (कॉड माशाच्या यकृताचं तेल, त्यात डी असतं) देऊन पाहिलं, संसर्ग टळला नाही.

म्हणजे माझं मत स्पष्ट आहे, खड्डा असेल तर तो भरायलाच हवा, तुमचा होता म्हणून तुम्हाला बरं वाटलं. सपाट जमिनीवर भर टाकून इम्युनिटी उंच होत नाही.

मुलाला मोठ्यांचं पाकीट मुळीच देऊ नका. रोजचा छोटा डोस, ४०० ते ६०० युनिट, बालरोगतज्ज्ञांना विचारून द्यायला हरकत नाही, एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही १ ते १८ वयाला पूरक डी सुचवलंय, मुडदूस (मुलांची हाडं मऊ होऊन वाकणं) टाळायला आणि कदाचित श्वसनाचे आजार कमी व्हायलाही. पण दर पंधरा दिवसांनी सर्दी म्हणजे मला आधी ॲलर्जी आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागे वाढणाऱ्या गाठी) आठवतात. रात्री घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, पळाल्यावर खोकला येतो का, हे बघून ठेवा आणि डॉक्टरांना नक्की सांगा. फ्लूच्या लसीचंही विचारा.

आणि कोवळं ऊन. आईंना वाईट वाटेल, पण सातचं ऊन तिरपं असतं, डी तयार करणारे किरण त्यात फारच थोडे पोचतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ती वेळ, साधारण ११ ते ३, हातपाय उघडे, आठवड्यातून तीन-चारदा वीसेक मिनिटं, रंग सावळा असेल तर जरा जास्त, त्वचा लाल होईपर्यंत मात्र नाही. गॅलरीला काच असेल तर उपयोग नाही, काचेतून ते किरण येतच नाहीत. पावसाळ्यात ढगांमुळे हे जमत नाही, तेव्हा मासे खात असाल तर बांगडा, तारली, नाहीतर अंड्याचा पिवळा बलक, आणि दूध घेताना पिशवीवर निळा +एफ चा शिक्का बघून घ्या, त्यात डी घातलेलं असतं.